नेहमी यानेच उघडा

तीर्थरूप मामांच्या पायांवर भाच्याचं डोकं. (टेकवण्याआधी डोकं झटकून घेतलंय, नाहीतर तुमच्या पायांवर ग्रॅनाइटची भुकटी पडेल.)

पहिली चौकशी तुमच्या तब्येतीची. नुसतं "ठीक आहे" असं कळवू नका, फोड करून कळवा. गुडघा वेगळा, रक्तदाब वेगळा, डावा डोळा वेगळा. दुकानात रोज बसता का? बसत असलात तर जरा आतल्या बाजूला बसा, रस्त्यावरून दिसणार नाही असे. ओळखीपाळखीच्या माणसांशी सध्या फार बोलत जाऊ नका. मामीचा आवाज फोनवर कसा लागतो? म्हणजे घोगरा लागतो की स्वच्छ? (हे असंच विचारलं. मागचापुढचा काही संबंध नाही. आहे, पण तो पुढे येईल.) आई अजून जिन्यावरून एकेक पायरी बसत उतरते का? तिला सांगा, कठड्याला धरत जा. आणि एक. दर पत्रात दुसऱ्या ओळीत मी माझ्याबद्दल एक ठरलेलं वाक्य लिहितो, ते या खेपेला सापडणार नाही. विसरलेलो नाही, गाळलंय. त्या वाक्याचं काय झालं हे सांगायलाच पत्र लिहितोय, आणि तेही पेनानं, कारण संगणकावर पत्र लिहायची हौस फिटली.

मामा, तुम्ही तुमच्या त्या ओळखीच्या कंत्राटदाराकडून मला इथे चिकटवलंत तेव्हा "दगडाचा कारखाना आहे, सावलीतलं काम आहे" एवढंच म्हणाला होतात. मला वाटलं फरशा असतील, जिन्याच्या पायऱ्या असतील. इथे मेलेल्या माणसांच्या नावांचे दगड करतात. ते मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण आई पत्र वाचून घेते आणि तिला रात्री झोप लागत नाही. सावलीचं म्हणाल तर सावली आहे, तुमचा शब्द खोटा नाही. घासणीच्या हॉलला पत्रा आहे, खिडक्या नाहीत. चौदा माणसं दिवसभर दगड घासतात, धुळीवर पाणी मारायचे नळ आहेत, पैकी चार चालतात. संध्याकाळी आम्ही बाहेर पडतो तेव्हा सगळे एकाच वयाचे दिसतो. माझ्या शेजारी पॉलिशवाले काका. बावीस वर्षं ते एकाच जागी उभे आहेत, जमिनीत त्यांच्या पावलांएवढे दोन खळगे पडलेत. त्यांचा खोकला सुरू झाला की आम्ही मशीन बंद करत नाही, मशीनचा आवाज त्यांच्या खोकल्यापेक्षा लहान आहे. मागच्या भिंतीला काही दगड उलटे टेकवून ठेवलेत. ते चुकलेले दगड. कुणाचं साल चुकलं, कुणाचं नाव. चुकलेला दगड इथे वाया घालवत नाहीत. कामगारांपैकी कोणी गेलं की त्यातलाच एक उलटा करायचा आणि कोऱ्या बाजूवर त्याचं नाव कोरायचं. पहिल्याच दिवशी काकांनी मला ती भिंत दाखवली, जसा एखादा नव्या भाडेकरूला मोरी दाखवतो तशी. "आपली सोय," म्हणाले. मी हसलो. तेही हसले, मग खोकले, मग मी हसायचा थांबलो.

आता मुद्द्यावर येतो. (तुम्ही म्हणता तसं, मी मुद्द्यावर यायच्या आधी सगळ्या गल्ल्या फिरून येतो. माझी बूड टेकून न बसण्याची खोड तुम्हाला माहीत आहे. सातवीच्या वर्गातून उठलो तो अजून नीट बसलेलो नाही.) चैत्र... नाही, महिन्याचं जाऊ द्या, गेल्या थंडीत मलाही खोकला लागला. कोरडा, लहानसा, जणू कोणी दारावर नखानं वाजवतंय. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, हॉलमधून बाहेर पड. मी म्हटलं, कुठे पडू? त्या म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. त्याच आठवड्यात ऑफिसवाल्या ताई काम सोडून गेल्या आणि संगणकाच्या खोलीतलं स्टूल रिकामं झालं. मामा, ती खोली म्हणजे काय सांगू. काचेची. दार बंद केलं की धूळ बाहेर. एक पंखा, एक स्टूल, एक संगणक, आणि श्वास घेतला तर नुसता श्वासच आत येतो. मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, वाचता कोणाला येतं? आम्ही तिघांनी हात वर केले. एकाचा चष्मा हरवला होता, एकाला कोपऱ्यातल्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. राहिलो मी. मालक म्हणाले, "तीन महिने बस. एकही दगड चुकला नाही तर स्टूल तुझं. एक चुकला की परत हॉलमध्ये." शाळेत दिलेल्या कुठल्याही परीक्षेचं मला असं भय वाटलं नव्हतं. नापास झालो तर काय होतं ते शेजारी उभं राहून बघितलेलं होतं.

त्या संगणकात तुमच्या दुकानातल्यासारखं विंडोज नाही. लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणून मालकांच्या पुतण्यानं घातलं आणि तो पुतण्या परदेशी गेला, तेव्हापासून ते देवभरवशावर चालतं. गिऱ्हाइकानं सांगितलेला मजकूर साध्या फायलीत टाइप करायचा, एका दगडाची एक फाइल. फाइलवर दोनदा टिचकी मारली की ती वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडते, त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. पांढरा कागद आणि अक्षरं, बाकी काही नाही. दुसरा एक कोरायचा प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल उघडली की मजकूर सरळ मशीनकडे जातो आणि मशीन कोरायला लागतं. खरं तर मशीनचं एक हिरवं बटण दाबून धरल्याशिवाय ते चालू नये अशी व्यवस्था आहे, पण मुकादमाचा अंगठा दुखायला लागला म्हणून त्यानं बटणावर चिकटपट्टी मारून ते कायमचं दाबून ठेवलंय.

कुठली फाइल कशानं उघडायची हे ठरवून ठेवलेलं असतं, त्याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्हाला उदाहरण देतो. आपल्या घरी दारावर थाप पडली की कोण उठतं? मामी. तुम्ही दाराजवळ बसलेले असलात तरी मामीच स्वयंपाकघरातून हात पुसत येते. असं कोणी ठरवलं? कोणी नाही. पण ठरलंय. तेच डिफॉल्ट. आणि ते बदलायचं झालं तर फाइलवर उजवं बटण दाबून, यादी उघडून, "नेहमी यानेच उघडा" या ओळीपुढच्या चौकोनात खूण करायची. (तुम्ही मामीच्या बाबतीत हे करून बघा. मी जबाबदार नाही.)

ताईंची पद्धत अशी होती. घरचे लोक आले की फाइल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, उभं राहायचं आणि मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. घरच्या कोणीतरी मान डोलवली पाहिजे. मान डोलली नाही तर दगडाला हात लावायचा नाही. मान डोलली की मग फाइलवर उजवं बटण, मग "दुसऱ्या कशाने उघडा", मग लांबलचक यादी, मग यादीच्या तळाशी कोरायचा प्रोग्रॅम. ताई म्हणायच्या, मुद्दाम लांबचा रस्ता ठेवलाय, जाता जाता माणसाला चूक आठवते. मामा, हे ऐकताना मी मान डोलवली. पण माझ्या बोटांना ते पटेना. दिवसाला नऊ दगड, प्रत्येकाला ती यादी, आणि यादीत काय काय! गाणी वाजवायचा प्रोग्रॅम, चित्रं बघायचा प्रोग्रॅम, पत्त्यांचा एक खेळ. कोणाच्या तरी आजीचं नाव घेऊन मी रोज पत्त्यांच्या खेळावरून खाली खाली उतरायचो. बाविसाव्या दिवशी उतरता उतरता मला तो चौकोन दिसला. नेहमी यानेच उघडा. मी इकडे तिकडे बघितलं आणि खूण केली. आता दोनदा टिचकी मारली की सरळ कोरायला सुरुवात. वाचायचं असेल तेव्हा लांबचा रस्ता, कोरायचं असेल तेव्हा जवळचा. मला इतकं हुशार वाटलं की मी स्टूलवर एक गिरकी घेतली.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटलं होतं, हे फक्त दगडांच्या फायलींना लागू होईल. पण फाइलीच्या नावाला प्रकाराचं शेपूट लावलेलं नसलं तर लिनक्स आत काय भरलंय ते बघतं, आणि मी शेपूट कशालाच लावत नव्हतो. आत साधी अक्षरं दिसली की त्याच्या लेखी सगळा एकच प्रकार, साधा मजकूर. वारलेल्या माणसांची नावं साधा मजकूर. आणि त्याच संगणकात, जेवणाच्या सुट्टीत मी चोरून लिहीत असलेलं तुमचं पत्र, तेही साधा मजकूर.

मंगळवारची गोष्ट. चार वाजता एक निवृत्त पोस्टमन आपल्या बायकोच्या दगडाचा मजकूर ऐकायला येणार होते. मुकादमानं वेळ वाचावा म्हणून त्यांचा दगड आधीच मशीनवर चढवून ठेवला होता. काळा, एकही शीर नसलेला, तीन आठवडे वाट बघून आलेला. मी जेवायला निघता निघता म्हटलं, तुमच्या पत्रात एक ओळ घालावी, आईच्या चपलांबद्दल. फाइलवर दोनदा टिचकी मारली. काही उघडलं नाही. परत दोनदा मारली. पंखा जरा घुरघुरला. मी म्हटलं, संगणकालाही भूक लागली असेल, आणि जेवायला गेलो. भात गार होता, शेजारच्यानं त्याच्या सासऱ्याच्या म्हशीची लांबण लावली, परत यायला पाऊण तास लागला. आलो तर काकांनी हॉलच्या दारात मला थांबवलं. काका कधी जागा सोडून येत नाहीत. "अरे," म्हणाले, "तुझे मामा दगडावर आलेत."

मामा, मी आत धावलो. मशीनवरचा पाण्याचा पडदा बाजूला करून मुकादम उभा होता, कमरेवर हात. दगडावर, वीतभर उंच नसलेल्या पण चांगल्या ठसठशीत, जवस भरलं तर मावेल इतक्या खोल अक्षरांत हे होतं:

तीर्थरूप मामांस नमस्कार.
मी इथे खुशाल आहे.
जागा अरुंद आहे पण शांत आहे.
शेजारी त्रास देत नाहीत.
थंडी वाजत नाही.
माझी काळजी करू नये.
तुम्ही सगळे इकडे कधी येताय?

तिथे दगड संपला. आईच्या चपला राहूनच गेल्या. (दुसऱ्यांदा मारलेल्या टिचकीमुळे पत्राची दुसरी प्रत रांगेत उभी होती, मुकादमानं चिकटपट्टी उपटली म्हणून ती थांबली.) हॉलमधले सगळे येऊन वाचून गेले. कोणी हसलं नाही. शेवटच्या ओळीशी पोचल्यावर प्रत्येक जण जरा मागे सरकायचा.

दगड उतरवायला वेळच मिळाला नाही. पोस्टमन चारच्या आधी आले, पोस्टमन माणूस, उशीर ठाऊक नाही. बरोबर त्यांची लेक. लेकीनं वाचलं आणि तिचा चेहरा दगडापेक्षा काळा झाला. "बाबा, हे काय आहे? ही आईची चेष्टा आहे!" मी तोंड उघडलं, आतून फक्त खोकला आला. म्हाताऱ्यानं हात वर करून तिला गप्प केलं, खिशातून चष्मा काढला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं. माझी सगळी वर्षं त्या बोटाखालून जात होती. वाचून झाल्यावर ते वळले.

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"हे पत्र आहे."

"हो."

"मग हे आमचं नाही," ते लेकीला म्हणाले, जसं काही शेजारचं टपाल चुकून आपल्या दारात पडलंय. "वर नाव आहे बघ, मामांस. पस्तीस वर्षांत मी दुसऱ्याचं पत्र घरात ठेवलेलं नाही, आता हिच्या डोक्याशी ठेवू?" मग माझ्याकडे वाकून, हळू, "आणि पोरा, 'मी खुशाल आहे' असं लिहिलेली पत्रं मी पोती भरभरून वाटलीत. खरंच खुशाल असणारा माणूस ते वाक्य विसरतो. तुझ्या छातीत काय वाजतंय?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "ते पण मी पुष्कळ वाटलंय." गुरुवारपर्यंत दुसरा दगड द्या म्हणाले, आणि जाताना बोट दाखवून मला बजावलं, "ते पोचतं कर. खरं लिहून."

मग मालक आले. दगड चुकला होता, स्टूल गेल्यात जमा होतं. काका दारात उभे होते आणि नुसते माझ्याकडे बघत होते, त्यांच्या शेजारची माझी जुनी जागा तशीच रिकामी होती. मालकांनी दगड वाचला, वरच्या ओळीशी परत गेले आणि मला एकच प्रश्न विचारला. मी एकच उत्तर दिलं. ते काय, ते खाली लिहितो, इथे लिहायला माझा हात धजत नाही. एवढंच सांगतो की ते ऐकून मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि स्टूल वाचलं.

त्यानंतर पहिलं काम म्हणून मी उजव्या बटणानं यादी उघडली, टेक्स्ट एडिटर निवडला आणि "नेहमी यानेच उघडा" यापुढे खूण केली. तीन वेळा टिचक्या मारून बघितलं. तिन्ही वेळा पांढरा कागद उघडला. आता टिचकीनं काहीही कोरलं जात नाही. (मुकादम स्वतःच्या नावानं संगणक उघडतो तेव्हाचं मात्र सांगता येत नाही. हे डिफॉल्ट ज्याचं त्याच्यापुरतं असतं, आणि माझं बघून बघून त्यानंही कोरायच्या प्रोग्रॅमसाठी तोच चौकोन दाबलेला आहे.) पोस्टमनच्या बायकोचा नवा दगड मी ताईंच्या लांबच्या रस्त्यानं केला. पत्त्यांच्या खेळावरून उतरताना थांबलो, आणि खरंच, सालातला एक आकडा चुकलेला आठवला.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीत एकेक धपाटा. आईला हे पत्र वाचून दाखवताना दगड आला की "फरशी" म्हणा.

तुमचा,
स्टूलवरचा भाचा

ता. क. मालकांनी विचारलं होतं, "हे मामा कोण? त्यांच्या नावाचा दगड कशाला?" आणि मी म्हणालो, "मामा वारले." मामा, रागावू नका. तोंडातून गेलं. स्टूल डोळ्यांसमोर होतं, काका दारात होते, तुम्ही लांब होतात, म्हणून तुम्ही सापडलात. मालक म्हणाले, मग दुःखात हात चुकला, ही चूक धरणार नाही. सगळी मशीनं बंद करून चौदा माणसं तुमच्यासाठी एक मिनिट उभी राहिली. या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, चार नळांचं पाणी ऐकू येत होतं. मुकादम म्हणाला, माणूस भला असणार. मी म्हटलं, फार. ते मात्र खोटं नाही.

ता. क. २. जवळचं कोणी गेलं तर इथे आठ दिवस रजा मिळते, पण मालक आधी घरी फोन करून सांत्वन करतात. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी करणार आहेत. नंबर दुकानाचा दिलाय. तुम्ही उचलू नका. मामीला उचलू द्या, डिफॉल्ट तसंही तेच आहे. तिला सांगा, फार बोलू नकोस, नुसती रड. तिला रडू येईना तर माझं पहिलं पत्र हातात द्या, त्या वेळी खूप रडली होती असं आईनं कळवलं होतं. तुमची जन्मतारीखही पाठवा. दगडाच्या कोऱ्या बाजूला ती कोरावी असं मालकांच्या मनात आहे, मी कसंबसं लांबवलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, फोडून परत लिहितोय. पॉलिशवाले काका परवा बुधवारी गेले. धुण्याच्या नळाशी बसून खोकत होते, मग थांबले. आम्हाला बरं वाटलं, थांबले एकदाचे म्हणून. बराच वेळ बरं वाटत राहिलं, मग कोणीतरी जाऊन बघितलं.

मागच्या भिंतीला त्यांच्या मापाचा एकच दगड होता. मालकांनी मला विचारलं, "तुझ्या मामांचा काकांना दिला तर चालेल?" मी हो म्हटलं. तुमच्या वतीनं म्हटलं. मी दोन ओळी टाइप केल्या, नाव आणि सालं. दोनदा टिचकी मारली, पांढरा कागद उघडला. उभं राहून मोठ्यानं वाचलं. मान डोलवायला काकांचं कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे मी थांबलो. हॉलवाले एकमेकांकडे बघायला लागले, कोणाची छाती होईना, कारण मान डोलवली की कोरलं जाणार. पोस्टमन त्यांच्या बायकोचा दगड न्यायला आलेले होते. ते पुढे आले, चष्मा लावला, "परत वाच" म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी मान डोलवली. मग मी उजवं बटण दाबलं आणि पत्त्यांच्या खेळावरून खाली उतरलो.

काका आता टेकडीपलीकडे आहेत. पुढून त्यांचं नाव, मागून माझं पत्र. आम्ही चौदाजणांनी, म्हणजे आता तेराजणांनी, मागच्या बाजूनं जायचं टाळलं. शेवटची ओळ काकांच्या आवाजात ऐकू येते.

ता. क. ४. खरं सांगायचं ते हे. स्टूल माझ्याकडे आहे, मालक शब्दाला पक्के आहेत. पण घासणीत एक माणूस कमी झालाय. म्हणून मालक म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत सकाळी हॉलमध्ये उभा राहा, दुपारी स्टूलवर बस. काकांच्या जागेवर. आज सकाळी उभा राहिलो. जमिनीतल्या त्या दोन खळग्यांत माझे पाय बरोबर बसले. काकांनी एकदा सांगितलं होतं, त्यांनाही नवा माणूस मिळेपर्यंतच उभं केलं होतं.

तेव्हा मामा, हात जोडून सांगतो, रविवारपुरते मरा. मामी रडली की मला आठ दिवस मिळतील. मी एकदा आलो की परत पाठवू नका, मग तुम्ही खुशाल दुकानाच्या पुढच्या बाजूला बसा. वाटल्यास मला हवं ते बोला, आईसमोर बोला, सगळ्यांसमोर बोला. ते वाक्य या सबंध पत्रात माझ्या नावावर कुठेही नाही, परत वाचून बघा. जिथे आहे तिथे ते दगडावर आहे, आणि त्याखाली काका आहेत.